कबुलीचं सुकेळं

सर्व्हर हँग झाला की आमच्या ऑफिसात सगळे रिस्टार्टचं बटण दाबायला धावायचे. बस्त्यावकाकाही धावायचे, पण त्या बटणासमोर आडवे उभे राहायला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, दोन्ही हात पसरून गोलकीपरसारखं उभं असताना. माझ्या नोकरीचा तिसरा दिवस होता. समोर चार जण ओरडत होते.

"काका, सरका! गिऱ्हाईक फोनवर आहे."

"असू दे. चोरी झाली की पोलीस यायच्या आधी घर झाडून-पुसून ठेवता का तुम्ही?"

"आता चोरी कुठून आली?"

"रिस्टार्ट केली की ही सगळं विसरणार. मग मी कोणाला विचारू? तुला? तू तर काल काय जेवलास ते सांगू शकत नाहीस."

मग त्यांनी वळून, ताप बघतात तसा उलटा पंजा मशीनच्या पाठीला लावला. कीबोर्डला हात नाही, पडद्याकडे नजर नाही. थोड्या वेळाने आमच्याकडे तोंड करून विचारलं, "शेवटचं बरं कधी होतं?"

मी नवीन होते, त्यामुळे घाबरून खरं उत्तर दिलं. "दहा चाळीसला. मी चहा आणायला उठले तेव्हा आकडे हलत होते. मी लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय?" काकांनी माझ्या वहीकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पापी घेतात तिची. त्या दिवसापासून मी 'वहीबाई' झाले. माझं खरं नाव त्यांनी सात वर्षांत फार तर चार वेळा घेतलं असेल.

वालीवला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली पत्र्याचे डबे बनायचे, त्यामुळे आम्ही सगळे जरा मोठ्याने बोलायचो. काम सोपं होतं. मासळी, आइस्क्रीम, औषधं वाहून नेणाऱ्या थंड गाड्यांमध्ये आम्ही साबणाच्या डबीएवढं एक यंत्र बसवायचो. ते दर मिनिटाला गाडीच्या आतलं तापमान आमच्या सर्व्हरला कळवायचं आणि सर्व्हर ते गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पाठवायचा. या आकड्यांच्या धारेला आम्ही फीड म्हणायचो. फीड थांबलं की गिऱ्हाइकाला वाटायचं माल वितळला. उशिरा आलं की त्याला वाटायचं आम्ही काहीतरी लपवतोय. असं काही झालं की काय झालं, कधी झालं, कोण बघतंय आणि कधीपर्यंत, हे लिहिणं आणि त्या माणसाच्या मागे लागणं हे माझं काम. दुरुस्त करणं काकांचं.

मस्टरवर त्यांचं नाव सेबॅस्टियन. गावात आणि ऑफिसात बस्त्याव. वय साठीपलीकडचं, नोकरी एकेक वर्षाच्या कंत्राटावर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात टेस्टर आणि जपमाळ एकत्र. घर आगाशीच्या बाजूला, घरामागे वाडी. वाडीत केळी, पानवेल आणि विहीर. यंत्रांबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान त्या वाडीतून आलंय असं त्यांचं स्वतःचं मत होतं. फीड उशिरा येतंय अशी तक्रार आली की आमची पोरं गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायची. काका त्यांना मागे ओढायचे. "शेवटच्या केळीला पाणी उशिरा पोचलं तर केळीशी भांडतो का आपण? पाट धरून मागे चालायचं. कुठेतरी खेकड्याने भोक पाडलेलं असतं."

'शेवटचं बरं कधी होतं' हा प्रश्न ते सर्व्हरपुरता ठेवत नसत. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, वय विचारून मान हलवली. काकांनी तो प्रश्न विचारला. मी वही चाळली आणि तारीख सांगितली.

"त्यानंतर काय बदललं?"

"काही नाही. हां, चपला नवीन घेतल्या."

"काढा."

आठ दिवसांत गुडघा बरा. डॉक्टरांना मी सांगितलं नाही, उगाच वाईट वाटलं असतं त्यांना.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात. पहिली, पुरावा. प्रत्येक यंत्र आपण काय केलं याची रोजनिशी लिहीत असतं. बाकीची माणसं महिन्या-दोन महिन्यांनी ती पुसतात. काकांनी एक ओळही कधी पुसली नाही. 'पुरावा' नावाच्या कप्प्यात ते सगळं साठवायचे. "कधी काय लागेल सांगता येत नाही," असं म्हणायचे. दुसरी सवय बाराची. दुपारी बाराच्या ठोक्याला ते खुर्ची मागे सरकवायचे, डोळे मिटायचे आणि प्रार्थना म्हणायचे. गावातल्या चर्चची घंटा वालीवपर्यंत ऐकू येत नाही, पण त्यांना यायची. खाली पत्रा ठोकणं चालू, वर फोन वाजतोय, काकांचे डोळे मिटलेले. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायचं नाही, हा ऑफिसचा नियम होता आणि तो सुर्वेसाहेबसुद्धा पाळायचे. सुर्वेसाहेब म्हणजे मालक.

आणि सुकेळी. वाडीतल्या राजेळी केळ्यांची घरी वाळवलेली सुकेळी काकांच्या डब्यात कायम असायची. ती मागून मिळत नसत. "माझ्यामुळे झालं," असं जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला तिथल्या तिथे एक सुकेळं. ओरडा नाही, प्रश्न नाही. आधी सुकेळं खायचं, मग काय झालं ते सांगायचं. एका मुलाने चुकून सगळ्या गाड्यांची घड्याळं एक तास पुढे केली होती. त्याने तोंडात सुकेळं धरून सगळं कबूल केलं आणि पाव तासात दुरुस्तीही झाली. आधीच्या नोकरीत मी पाहिलं होतं, दोष कुणाचा हे शोधण्यात दोन दिवस जायचे. आमच्याकडे लोक चुका सांगायला रांग लावायचे. काही जण तर निव्वळ सुकेळ्याच्या आशेने जुन्या चुका उकरून काढायचे. काका त्यांना ओळखायचे. "ही मागच्या वर्षीची. शिळी चूक. चल पळ."

अर्नाळ्याच्या गाडीची गोष्ट तर मी नव्या मुलांना अजून सांगते. अर्नाळ्याहून मासळी घेऊन निघणाऱ्या एका गाडीचं फीड रोज सकाळी गप्प व्हायचं आणि गाडी माल उतरवायला पोचली की तासाभराचे आकडे धबाधब एकदम यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं तुम्ही आकडे बनवता. पोरांनी सिमकार्ड दोनदा बदललं, यंत्र एकदा. काका उठले, पहाटेची बस धरून अर्नाळ्याला गेले आणि त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

ड्रायव्हर तिथलाच कोळी, जन्या. त्याने काकांना चहा पाजला, बर्फ भरला, माल भरला आणि निघायच्या आधी घरून आणलेला चकचकीत कागद काढला. तोच तो, पोळ्या गुंडाळायचा. आमच्या यंत्राला त्याने तो तीन पदरी, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा गुंडाळला.

"हे काय रे जन्या?"

"खारं पानी लागतं ना साहेब. इथं सगळं गंजतं. माझ्या गाडीचा पत्रा बघा. म्हटलं कंपनीची वस्तू आहे, जपायला पायजे."

"आणि काढतोस कधी?"

"तिथं पोचल्यावर. साहेब लोकांसमोर बरं दिसत नाही ते."

तीन पदरांतून कसला सिग्नल जाणार? यंत्र बिचारं आत बसून आकडे साठवायचं आणि कागद निघाला की एका दमात ओकायचं. काका हसले नाहीत. त्यांनी जन्याला दोन सुकेळी दिली आणि पुढच्या आठवड्यात यंत्रासाठी प्लास्टिकची डबी नेऊन दिली. आमच्या फॉर्मवर 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. त्यात काकांनी एकच शब्द लिहिला, 'काळजी'. सुर्वेसाहेबांनी तो फॉर्म परत पाठवला. काकांनी तो तसाच पुन्हा पाठवला.

शीतल आमच्याकडे आली ती या सगळ्यानंतर. नालासोपाऱ्याची मुलगी, हुशार, बोलायला तोफ. घरात पगार आणणारी ती एकटीच, आणि सहा महिने प्रोबेशन. काका तिला 'बाय' म्हणायचे. ती त्यांना पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "काका, तुमचा सर्व्हर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे का हो? पाया पडू का त्याच्या?"

"पड. आशीर्वाद देईल. पण हळू देईल."

चौथ्या महिन्यात तिने औषधांच्या गाड्यांचा एक रोजचा अहवाल बनवला. दुपारी बाराला तो आपोआप सुरू व्हायचा, जुने आकडे वाचायचा आणि गिऱ्हाइकाला एक सुबक पान पाठवायचा. गिऱ्हाईक खूश. पंधरा दिवसांनी सर्व्हर दुपारी हँग व्हायला लागला. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग अकरा. बरोबर बाराच्या सुमाराला. अकरा मिनिटांनी स्वतःच शुद्धीवर यायचा.

औषधवाल्यांनी कडक पत्र पाठवलं. सोमवारी सुर्वेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शुक्रवारपर्यंत कारण पाहिजे. नाहीतर मी त्यांना सांगतो की नव्या मुलीचा प्रोग्राम होता, तिला काढलं, प्रश्न मिटला. त्यांनाही कुणीतरी गेलेलं दिसायला हवं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि काकांचं कंत्राट या महिन्यात संपतंय. त्यांनाही आता झेपत नाही असं दिसतंय. तुम्ही काही बोलू नका."

मी बाहेर आले आणि दोन्ही गोष्टी काकांना सांगितल्या. काही सूचना ऐकून विसरायच्याच असतात.

मंगळवारी शीतलचा अहवाल बंद ठेवून पाहिला. बारा वाजले, सव्वाबारा वाजले, सर्व्हर टुणटुणीत. सगळ्या ऑफिसने शीतलकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. ती उठून काकांच्या टेबलाशी गेली.

"काका, माझ्यामुळे झालं." तिने हात पुढे केला.

काकांनी डब्याचं झाकण दाबून धरलं. "काय केलंस?"

"अहवाल लावला."

"त्यात काय चुकलं?"

"माहीत नाही. पण बंद केल्यावर थांबलं ना?"

"नळ बंद केला की गळती थांबते. म्हणून नळ फुटलाय असं होतं का? काय चुकलं ते माहीत नाही आणि म्हणे माझ्यामुळे. ही खोटी कबुली आहे बाय. नाही मिळणार."

"अहो, एक सुकेळं मागतेय, किडनी नाही!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. काकांनी डबा उघडला नाही. त्यांचा रुमाल दिला. बुधवारपासून अहवाल पुन्हा चालू करायला सांगितला. "ज्याचं दुखणं शोधायचं, त्याला दुखू द्यायला लागतं."

मग ते पाट धरून मागे चालू लागले आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे. बुधवारी बाराला सर्व्हर पुन्हा हँग झाला. गुरुवारी सकाळी काकांनी प्रत्येकाला विचारलं, बारा वाजता तू कुठे होतास, काय करत होतास, काय चालू केलंस? मी यादी केली. वॉचमन जेवायला बसतो. खालच्या कारखान्यात बाराला भोंगा होतो, पण आमच्या विजेवर त्याचा परिणाम नाही, काकांनी मीटर लावून पाहिलं. हिशेबवाल्या बाई प्रिंट काढतात. दोन मुलं बिड्या ओढायला गच्चीवर जातात, हे मी लिहून घेतलं आणि त्यांनी ते खोडायला लावलं. शीतल पडद्यासमोर बसून देवाचं नाव घेते.

यादी पूर्ण झाली. काकांनी चष्मा लावून ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"वहीबाई, यात एक माणूस कमी आहे."

"नाही. मी मस्टर समोर ठेवून लिहिलंय."

"मी कुठे आहे?"

मला हसू आलं. "तुम्ही तर विचारणारे. आणि बाराला तुम्ही प्रार्थनेत असता, डोळे मिटून."

"हां," काका म्हणाले. मग आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

अकरा वर्षांपूर्वी, मी यायच्या खूप आधी, त्यांनी सर्व्हरला एक काम नेमून दिलं होतं. रोज बाराला 'पुरावा' कप्प्यातलं सगळंच्या सगळं एकत्र बांधायचं आणि त्याची प्रत ठेवायची. वेळ बाराची का, तर आपण प्रार्थना करतो तेवढ्यात मशीनचंही छोटंसं काम होऊन जाईल. सुरुवातीला त्याला दोन सेकंद लागायची. पण पुरावा कधी पुसलाच नाही. तो वाढत गेला आणि त्याबरोबर रोजचं गाठोडंही. आता ते बांधायला अकरा मिनिटं लागत होती. एकटं ते काम असतं तर सर्व्हरने कसंबसं रेटलं असतं. शीतलचा अहवाल त्याच वेळी त्याच डिस्कवर रोज वाढत जाणारे जुने आकडे वाचायला गेला की दोघं दारात अडकायचे, आणि त्यांच्या मागे गाड्यांचं सगळं फीड तुंबायचं. आणि हे रोज सुरू व्हायचं नेमक्या त्या क्षणी, जेव्हा ते ओळखू शकणारा ऑफिसातला एकमेव माणूस डोळे मिटून बसलेला असायचा.

आम्ही दोघंच होतो. मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "काका, ते काम आत्ता बंद करून टाका. उद्या बाराला काही होणार नाही. साहेबांना सांगू, कारण सापडलं नाही पण आता ठीक आहे. तुमचं कंत्राट राहील."

"आणि कारण सापडलं नाही म्हटल्यावर ते कुणाच्या नावावर टाकतील?"

मी वही मिटली.

शुक्रवारी अकरा वाजता काका सुर्वेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. शीतलला आणि मला बरोबर यायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे दाराशी. काकांनी डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला, उघडला, एक सुकेळं घेतलं आणि शांतपणे खायला लागले.

"काका, काय चाललंय?" साहेब म्हणाले.

काकांनी बोट वर करून थांबा म्हटलं. घास गिळला. "माझ्यामुळे झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, गाठोडं, बाराची वेळ, मिटलेले डोळे. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. शीतल मध्येच म्हणाली, "पण सर, माझा अहवाल पण..." काका तिच्याकडे वळले. "तू तुझ्या वेळेला आलीस बाय. वाटेत गाठोडं माझं होतं. गप्प बस."

सुर्वेसाहेबांनी बराच वेळ पेपरवेट फिरवलं. मग औषधवाल्यांना आमच्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं, चूक जुन्या व्यवस्थेतली होती, जबाबदार माणूस महिनाअखेर जातोय, नव्या मुलीचं काम चोख आहे. फोन ठेवल्यावर त्यांना काकांकडे बघवेना. काकांनीच डबा त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी एक सुकेळं घेतलं. कशाची कबुली म्हणून, ते मी विचारलं नाही.

जाण्याआधी काकांनी तो कप्पा पुसायला शीतलला बसवलं. अकरा वर्षांची रोजनिशी. "सगळं?" तिने विचारलं. "थोडं ठेवू का? पहिलं वर्ष तरी?"

"ठेवलंस तर तुलाही सवय लागेल. महिन्यापुरतं ठेव. दाब."

तिने दाबलं. पुसायला चाळीस मिनिटं लागली. काका तिथेच खुर्चीत बसून राहिले, पाहुण्याची गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबावं तसे. मग मशीनच्या पाठीला हात लावून म्हणाले, "हलकी झाली बिचारी," आणि चहा प्यायला खाली गेले. निरोप समारंभाची यादी मी केली होती, हारापासून समोशापर्यंत. त्यांनी त्या दिवशी सुट्टी टाकली.

नंतर ते मला एकदाच दिसले, शीतलच्या लग्नाच्या रिसेप्शनला, नालासोपाऱ्याच्या एका हॉलमध्ये. ती तोवर आमची सीनियर झाली होती. काका करड्या कोटात, बायकोबरोबर, रांगेत. मी त्यांच्या मागेच होते. स्टेजवर पोचल्यावर शीतलच्या सासूबाईंनी विचारलं, "हे कोण गं?"

शीतल शालू सावरत म्हणाली, "आई, यांच्यामुळे आमचा सर्व्हर रोज बंद पडायचा."

सासूबाई शीतलकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघू लागल्या. काकांनी मात्र सत्कार स्वीकारावा तशी मान झुकवली. "रोज नाही," ते म्हणाले. "रविवार सोडून."

सगळे हसले. काकांनी पाकीट दिलं, नवऱ्या मुलाशी हात मिळवला आणि पायऱ्यांकडे वळले, कारण फोटोवाला तेवढ्यात ओरडला होता, "चला, आता फक्त घरचे थांबा! बाकी सगळे खाली या!"

मी उतरले. खाली येऊन पाहिलं तर काका सगळ्यात वरच्या पायरीवरच अडकले होते. शीतलने त्यांच्या कोटाची बाही मागून धरून ठेवली होती. ते हलक्या आवाजात काहीतरी समजावत होते, पायरीकडे बोट दाखवत होते. तिचं लक्ष नव्हतं. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, आणि बाही सोडत नव्हती.